लोकल, लाइन आणि ‘आता हूँ’

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात किस्से मागावे लागत नाहीत. ट्रक कधीकधी रिकामा परत येतो, ड्रायव्हर कधीच रिकामा येत नाही. मी मानेसरजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंग सांभाळायचो. म्हणजे कुठल्या गाडीत कुठला माल आणि त्यावर कुठला ड्रायव्हर, हे ठरवायचं काम. गुडगावात काचेच्या बिल्डिंगी उठायला लागल्या होत्या, मानेसरला कारखाने येत होते, दिल्लीच्या द्वारकेत सोसायट्यांचे सांगाडे उभे होते आणि सगळ्यांना सगळं कालच पोचायला हवं होतं. त्या गडबडीत किस्से इतके साठले, की माझी बायको सुजाता म्हणते, “हे सगळं कुठेतरी उतरवून या बाई एकदाचं.”

एक आधीच सांगतो. मी दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. वडील अमरावतीकडचे, सरकारी नोकर, पक्के बुद्धिवादी. भूतबित हा विषय आमच्याकडे चपलांसोबत दाराबाहेर ठेवायचा. तेव्हा मी फक्त काय झालं ते सांगणार. घाबरायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

*

आमच्याकडे ड्रायव्हर दोन प्रकारचे. लोकल म्हणजे दिल्ली, गुडगाव, फरिदाबादेत माल पोचवायचा आणि संध्याकाळी घरी जेवायला. लाइन म्हणजे जयपूर, अहमदाबाद, मुंबई. एकदा निघाला की कधी परतेल ते देव जाणे आणि तोही नक्की नाही.

लाइनवाल्यांत सगळ्यात जुना बलजीत पाजी. नवीन ड्रायव्हर त्याला हमखास विचारायचे, “पाजी, लोकल घेऊ की लाइन?”

पाजीचं उत्तर ठरलेलं. “लाइन पे भूत मिलते हैं, लोकल में कस्टमर. अब तू देख ले, किससे निभती है.”

हा पाजी एकदा थंडीत जयपूरला चालला होता. दुपारची वेळ, पण धुकं असं की बोनेटसुद्धा दिसेना. नाइलाजानं पहिला ढाबा दिसला तिथे थांबला. या ढाब्यावर तो आयुष्यात आलेला नव्हता. चहा संपवून उठला, तर ढाबेवाल्यानं गल्ल्याखालून मफलर काढून पुढे केला. “पिछली बार भूल गए थे, सरदारजी.”

मफलर पाजीच्या बायकोनं विणलेला होता. एका टोकाला तिचा एक टाका चुकला होता, तोही तिथेच. आणि घरून निघताना तो पाजीच्या गळ्यात होता. त्यानं गळ्याला हात लावला. गळा उघडा.

आम्ही विचारलं, “मग पाजी, केलंत काय?”

“करना क्या था? ठंड बहुत थी. पहन लिया.”

*

लोकलवाले म्हणायचे, आमच्याकडे असलं काही नसतं. नसतं म्हणे!

ओमवीर नावाचा आमचा रोहतककडचा लोकल ड्रायव्हर. त्यानं द्वारकेतल्या एका नव्या सोसायटीत सोफा पोचवला. चौथा मजला, हमालांनी पाठीवरून वर नेला, एका बाईंनी दार उघडून आत घेतला, पाणीही दिलं. आठवडाभरानं दुकानाचा फोन आला, सोफा कुठाय?

मी ओमवीरला घेऊन तिथे गेलो. बिल्डिंग सापडली. खाली वाळूचा ढीग, बाजूला पाण्याचा टँकर, सगळं ओमवीरनं सांगितल्याप्रमाणे. फक्त बिल्डिंग तीनच मजल्यांची होती. वरचा स्लॅब पडायचा होता, लोखंडी सळया उभ्या होत्या आणि मग आभाळ.

ओमवीर बराच वेळ मान वर करून बघत राहिला. मग म्हणाला, “बाबूजी, उस दिन तो था.”

मालक माझ्यावर उखडले, म्हणाले, सोफा शोधा. मी म्हटलं, आधी मजला शोधतो.

*

अशा या कंपनीत माझा मेहुणा दाखल झाला. विलास, सुजाताचा धाकटा भाऊ, मूर्तिजापूरचा. लायसन्स कोरं करकरीत. दारात उभा राहून “जय भीम, भाऊजी” म्हणाला आणि त्याच्या बॅगेकडे बघूनच मी ओळखलं, हा आता आमच्याकडेच राहणार.

मालकांनी त्याला सांगितलं, एक फेरी लाइनची कर, थोडे दिवस लोकल कर, मग काय ते पक्कं सांग. एकदा सांगितलं की बदल नाही.

विलासचं गणित वेगळंच होतं. त्याची बायको मंगला बाळ घेऊन माहेरी होती. तो निघतानाच तिनं स्पष्ट बजावलं होतं. लोकल घेतलीस तर मी दिल्लीला येते. लाइन घेतलीस तर मी इथेच बरी. रिकाम्या खोलीत परक्या गावात तुझी वाट बघत बसणार नाही. पोरगी बोलायची कमी, पण बोलली की दगडावरची रेघ. त्यामुळे लोकल की लाइन हा प्रश्न विलाससाठी नोकरीचा नव्हताच. संसार होणार की नाही, एवढाच होता. सुजातानं मला दम भरला होता, “माझ्या भावाला लाइनला ढकललंत ना, तर बघा.”

*

लाइनची फेरी पाजीबरोबर लावली. तेवढाच भरवशाचा माणूस. जयपूरच्या वाटेवर गाडी बेहरोडजवळ थांबली. पाजीनं चहा मागवले तीन.

विलास म्हणाला, “पाजी, आपण तर दोघंच.”

“तीसरा उसका है, जो मेरे साथ चलता था.”

“तो कुठाय?”

पाजीनं शांतपणे बशीत चहा ओतला. “तू उसी की गोद में तो बैठा है सुबह से.”

विलास जयपूरला जाऊन परत मानेसरला येईपर्यंत दाराला चिकटून बसला. पाजीनं थट्टा केली असं मी त्याला शपथेवर सांगितलं. मग मी पाजीला विचारलं, काय हो, असं घाबरवतात का नव्या माणसाला? पाजी म्हणाला, “मैंने क्या डराया? तीसरी चाय भी तो खत्म हुई ना.”

बरं झालं म्हटलं. विलासनं स्वतःच मंगलाला कळवून टाकलं, लोकल घेतोय, सामान बांध.

*

आता लोकलमध्ये काय अडचण येणार? आली. आणि ती भाषेची आली.

सरोजिनी नगरच्या एका क्वार्टरमध्ये विलासनं फ्रिज पोचवला. दुसऱ्या दिवशी त्या बाईंचा फोन, नुसत्या तापलेल्या. “आपका लड़का बोलके गया ‘आता हूँ’. मैं शाम तक बैठी रही! मार्केट भी नहीं गई!”

मग दुसरा फोन. मग तिसरा. राजौरी गार्डनच्या एका आजोबांनी तर त्याच्यासाठी परत चहा टाकला होता.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. मराठी माणूस घरातून निघताना म्हणतो “येतो”. आमचा विलास त्याचं हिंदी करून प्रत्येक दारात म्हणत होता “आता हूँ”. आणि दिल्लीत “आता हूँ” म्हणजे दोन मिनिटांत परत येतो, थांबा.

मी हसून हसून बेजार. म्हटलं, “अरे यार, ‘चलता हूँ’ म्हण. नाहीतर सरळ ‘जाता हूँ’.”

विलास हसला नाही. म्हणाला, “भाऊजी, ते तोंडातून निघतच नाही.”

मी त्याला म्हटलं, तू शिकलेला, बौद्ध घरातला, शकुन-अपशकुन कसले मानतोस? तेव्हा सुजातानं मला डोळ्यांनी गप्प केलं. विलास म्हणाला, “आमचे बाबा एकदा आईशी भांडून ‘जातो’ म्हणून निघाले. रोज येतो म्हणायचे, त्या दिवशी जातो म्हणाले. एसटी उलटली. मी दारातच होतो.”

एवढं सुजातानंही मला कधी सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, म्हण बाबा, तुला जे म्हणायचं ते म्हण.

*

पुढचं प्रकरण द्वारकेतलं. अर्धी सोसायटी रिकामी, तिथे विलासनं तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबल आणि खुर्च्या पोचवल्या. एक म्हातारी एकटीच होती. साधी, पांढऱ्या साडीतली. हमालांनी टेबल मांडलं आणि विलास सवयीनं म्हणाला, “आता हूँ, माताजी.”

ती म्हणाली, “अच्छा बेटा. मैं बैठी हूँ.”

दुसऱ्या दुपारी ऑफिसात फोन आला. मीच घेतला. म्हातारा, मऊ आवाज. “वो आया नहीं?”

मी समजावलं, माताजी, तो त्याचा बोलण्याचा प्रकार आहे, तो येणार नाही. मग, “अच्छा. मैं बैठी हूँ.”

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. रोज दुपारी, रोज तेच शब्द. मी चिडायचो, मग मलाच लाज वाटायची, मग मी तो फोन घ्यायचंच टाळायला लागलो. विलासनं एकदा घेतला. ऐकलं, ठेवला आणि घामानं डबडबून बाहेर जाऊन बसला.

संध्याकाळी म्हणाला, “भाऊजी, मला लाइनच द्या. या शहरात कोणीतरी माझी वाट बघत बसलंय. माझ्यानं इथे गाडी चालवणं होणार नाही.”

घरात रडारड झाली. तिकडे मंगलाचं सामान बांधलेलं, तिकीट काढलेलं. सुजाता माझ्याशी बोलेना, जणू फोन मीच करत होतो. मालक विचारायला लागले, काय ते पक्कं सांगा. मी म्हटलं, उद्याचा दिवस द्या. विलासला म्हटलं, चल, त्या बाईला समोरासमोर सांगू. म्हातारं माणूस आहे, एकटं आहे, समजेल.

*

भर दुपारी गेलो. चांगलं ऊन होतं. गार्ड आमच्याबरोबर दारापर्यंत आला. दाराला बाहेरून कुलूप.

“यहाँ कोई नहीं रहता,” तो म्हणाला. “मालिक बाहर रहते हैं. सामान रखवाके ताला मार दिया.”

मी म्हटलं, अहो, रोज फोन येतो इथून.

गार्ड म्हणाला, “साहब, इस ब्लॉक में तो फोन की लाइन ही नहीं पड़ी अभी.”

खिडकीला पडदा नव्हता. आम्ही आत पाहिलं. टेबल होतं, खुर्च्या होत्या, सगळ्यावर बांधकामाची पांढरी धूळ. सगळ्या खुर्च्या टेबलाखाली सरकवलेल्या. एकच बाहेर ओढलेली, दाराकडे तोंड करून. तिच्यावर धूळ नव्हती.

मी मनात म्हटलं, गार्ड बसत असेल दुपारचा. पण चावी त्याच्याकडे नव्हती.

विलास पांढराफटक झाला होता. मी त्याचा दंड धरला, चल म्हटलं, पुरे झालं. तो हलला नाही. म्हणाला, “भाऊजी, मी मोकळं केल्याशिवाय ही उठणार नाही.”

तो दारापाशी गेला. हात जोडले. दोनदा तोंड उघडलं, शब्द निघेना. मला कळत होतं त्याला काय म्हणायचं आहे आणि ते म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर कोण उभं आहे. मला वाटलं, नको रे बाबा, लाइन घे, काहीही घे, पण नको.

शेवटी तो एका दमात म्हणाला, “माताजी, मेरी राह मत देखो. मैं जाता हूँ.”

गार्ड, मी आणि विलास. तिघं उन्हात उभे. कुलूप दाराला तसंच.

आतून आवाज आला. तोच मऊ, फोनवरचा. फक्त या वेळी मराठीत.

“जातो म्हणू नये रे बाळा.”

गार्डनं मला विचारलं, “क्या बोली?” विलासनं डोळे पुसले, दाराच्या चौकटीला हात लावला, जसा आपण घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या पायांना लावतो, आणि आतल्या बाईला जे म्हणायचं ते म्हणाला. ते मी ऐकलं, पण ते त्या दोघांतलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, “मग मालकांना काय सांगू? लाइन ना?”

“लोकल,” विलास म्हणाला. “मंगलाला स्टेशनवरून आणलं की आधी तिला इकडे घेऊन येतो. माताजींना तसं कबूल केलंय.”