बरगडीखालची जांभळी रेघ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली, हे आधीच कबूल करतो. प्रेतांच्या खोलीत, शेजारच्या बाकावर बसून झुणका-भाकरी खाणारा माणूस मी. तेव्हा या सदरात मी लिहिलंय हे कळलं तर बेळगावच्या शहापुरातले माझे दोस्त पोट धरून हसतील. हसू देत. त्यांच्यातला एकजण जरी मी गेलो त्यातून गेला असता, तर आज देवळाच्या पायरीवर बसलेला दिसला असता.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. बेळगावात कॅम्पकडे जाणाऱ्या रस्त्याला एक धर्मादाय इस्पितळ होतं, आता बंद पडलंय, नाव मुद्दाम देत नाही. तिथं मी ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, आणि माणूस गेला तर डॉक्टरांनी उघडलेलं प्रेत परत शिवून द्यायचं. घराणं विणकराचं. वडिलांचा माग मी सोडला, पण धागा काही माझ्या हातातून सुटला नाही.

आमचे मोठे डॉक्टर लिव्हर आणि स्वादुपिंडाच्या आजारांवर संशोधन करत होते. त्यासाठी दहा खाटांचा वेगळा वॉर्ड होता. निपाणी, चिकोडी, उचगाव, खानापूर... सगळीकडून पेशंट यायचे. कुणाला आव, कुणाला दारू, कुणाला नुसताच ताप आणि पिवळे डोळे. रोज सकाळी सातला माझं काम सुरू व्हायचं. पेशंटला उताणं निजवायचं, गुडघे वर घ्यायला लावायचे, उजव्या बरगडीखाली बोटं रुतवायची आणि म्हणायचं, श्वास घे. लिव्हरची कड बोटाला लागली की तिथं पोटावर जांभळ्या कॉपिंग पेन्सिलनं, ओली केली की शाईसारखी उमटते तिनं, रेघ मारायची. मग बरगडीपासून रेघेपर्यंत किती बोटं ते मोजून सांगायचं — दोन, तीन, साडेतीन. डॉक्टर वहीत उतरवून घेत. पेशंट मेला तर पोट उघडून बघायचं की कड खरोखर रेघेवर होती का. "त्याशिवाय संशोधन कसलं?" असं ते म्हणत. आणि माझी रेघ कधी चुकली नाही. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू!

आता माझं पाप सांगतो. भरती करताना पेशंटच्या माणसाचा अंगठा एका इंग्रजी कागदावर घ्यायचा असे. पेशंट दगावला तर शव उघडायला आमची हरकत नाही, असं त्यात लिहिलेलं. ते समजावून सांगायचं काम माझं. मी काय सांगायचो? "औषधाचा कागद हाय, उठवा अंगठा." खरं सांगितलं असतं तर निम्मे लोक खाट सोडून चालते झाले असते. डॉक्टरांना हे ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही... त्यांनीही विचारलं नाही.

भरमा आला तो निपाणीहून. तंबाखूच्या वखारीतला हमाल, वय तिशीच्या आत-बाहेर, दंड असे की सुई टोचताना वाकायची. सोबत थोरला भाऊ यल्लाप्पा, तोही हमालच. लिव्हरमध्ये गळू झालं होतं. मी कागद पुढे केला, यल्लाप्पानं अंगठा उठवला, आणि नंतर माझा हात धरून म्हणाला, "अण्णा, एक सांगतो. कायबी झालं तरी ह्येला फाडू नगासा. फाडल्यालं मढं आमच्यात उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत."

"कोण फाडतंय? येडा का काय तू," मी म्हणालो. शाई अजून ओली होती.

पहिल्या दिवशी भरमाची रेघ दोन बोटांवर. तिसऱ्या दिवशी तीन. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी ट्रोकार, म्हणजे जाड पोकळ सुई, घालून पू काढला. विटेच्या रंगाचा, दाट. यल्लाप्पानं स्वतः भांडं धरलं होतं. दुसऱ्या दिवशी रेघ परत दोनवर चढली, ताप उतरला, आणि यल्लाप्पानं वॉर्डभर गूळ-खोबरं वाटलं. मग परत तीन, चार... दहाव्या दिवशी पाच. अकराव्या दिवशी सकाळी भरमाला वात झाला, भान सुटलं. त्यानं खाटेची लोखंडी दांडी उपटून काढली, एका वॉर्डबॉयचं मनगट मोडलं, चौघांनी धरलं तर चौघांना भिंतीवर फेकलं. आणि उभ्या उभ्या त्याच्या तोंडातून तोच विटकरी पू आला. गळू छातीत फुटलं होतं. पडला तो पडलाच.

दुपारी डॉक्टरांनी त्याला उघडलं. लिव्हरची कड बरोब्बर माझ्या रेघेवर होती. लिव्हर काढून फॉर्मालिनच्या बरणीत घातलं आणि मी प्रेत शिवलं. दाभण आणि सुतळी, गळ्यापासून ओटीपोटापर्यंत. वर पांढरं कापड गुंडाळलं आणि यल्लाप्पाला सांगितलं, "ताप वाईट हुता. सोडू नगा, असंच न्या."

पण आंघोळ घातल्याशिवाय कोण नेतो? इस्पितळामागच्या विहिरीवर त्यांनी कापड सोडलं. मी खिडकीतून बघत होतो. यल्लाप्पानं त्या शिवणीवरून बोट फिरवलं, वरून खालपर्यंत, हळूहळू. जन्मभर तंबाखूची पोती त्यानं तशीच शिवली होती.

"ही पोत्याची शिवण हाय," तो म्हणाला. "माझ्या भावाला पोत्यावानी शिवलंय."

मग तो उठला. कमरेला हमालाचा आकडा होता, पोतं ओढायचा लोखंडी हूक. चौकीदार आडवा आला, त्याचा गाल तोंडापासून कानापर्यंत फाडला. दवाखान्याची कपाटं फोडली, दार फोडलं. शिपाई आले तेव्हा तो डॉक्टरांच्या खोलीच्या उंबऱ्यावर होता. डॉक्टरांनी अंगठ्याचा कागद पुढे केला. फौजदारानं मला विचारलं, "याला वाचून दाखवलं होतं?"

यल्लाप्पा माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "व्हय, साहेब."

त्याला विहिरीजवळच्या चिखलात पाडून, भावाच्या उघड्या प्रेतासमोर, लाठ्यांनी मारलं. पुढचे दात पडले. तो ओरडला नाही. मारणारे दमले, पण त्याची नजर माझ्यावरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला बसलो तर माझ्या उजव्या बरगडीखाली जांभळी रेघ. मोजली. दोन बोटं.

खिशातली पेन्सिल लागली असेल, म्हटलं. स्पिरिटनं पुसली, गेली. दुसऱ्या सकाळी परत तिथंच. तिसऱ्या सकाळी तीन बोटांवर! वॉर्डातल्या कुणाची थट्टा म्हणावी, तर मी झोपत होतो शहापुरात, माझ्या घरात. बायकोला दाखवली. तिनं नारळाची शेंडी घेऊन रक्त येईपर्यंत घासली. निजताना स्वतः माझ्या पोटाला धोतर गुंडाळून सात गाठी मारल्या. सकाळी गाठी जशाच्या तशा, आणि खाली, खरवडलेल्या कातडीवर, ओली रेघ.

चौथ्या दिवशी डॉक्टरांपुढे शर्ट वर केला. त्यांनी दाबून बघितलं. "काही नाही. लिव्हर जागेवर आहे." मी म्हणालो, साहेब, वहीतल्या भरमाच्या आकड्यांप्रमाणं चाललंय... त्यांनी खाडकन माझ्या कानाखाली वाजवली. "माझ्या वॉर्डात भुतं आणायची नाहीत!" वॉर्डातल्या सगळ्या पेन्सिली गोळा करून त्यांनी आपल्या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवल्या. रेघेला त्याचं काय? सातव्या दिवशी ती परत दोनवर चढली. मी सुटलो म्हणून हसलो, आणि हसता हसताच आठवलं की सातव्या दिवशी यल्लाप्पानं गूळ-खोबरं वाटलं होतं.

इथं एक गोष्ट लपवत नाही. त्या दिवसांत माझा उजवा खांदा ठणकत होता, संध्याकाळी अंगात कसकस असायची. लिव्हरच्या पेशंटचा खांदा दुखतो, हे मी शेकडो वेळा ऐकलेलं. पण शेकडो लोकांच्या पोटात रुतवलेली ही बोटं स्वतःच्या पोटात एकदाही रुतवली नाहीत. भीती वाटत होती. नुसती रेघ बघायची आणि शर्ट खाली ओढायचा.

तीन. चार. दहाव्या सकाळी पाच. उद्या अकरावा.

त्या सकाळी मी डॉक्टरांच्या फळीवरून बरणी काढली, टॉवेलात गुंडाळली आणि निपाणीची सर्व्हिस मोटार पकडली. सुटका होईल असं वाटत होतं असं नाही. पण मरायचंच तर त्या बरणीच्या शेजारी मरायचं नव्हतं.

वखारीत तंबाखूच्या धुळीनं डोळे चुरचुरत होते. यल्लाप्पा जामिनावर सुटून कामाला लागला होता. ओठ अजून सुजलेले. भोवती पाच-सहा हमाल. मी बरणी त्याच्यापुढे ठेवली.

"ह्यात तुझ्या भावाचं लिव्हर हाय. कागद मी वाचून दावला न्हवता. फौजदाराला खोटं सांगिटलं."

त्यानं बरणीवरचा टॉवेल सोडला. "मंग आज का आलास?"

"उद्या मरणार म्हणून. भ्या वाटतंय."

त्यानं बरणी दोन्ही हातांनी उचलली, जपून उंच थप्पीवर ठेवली, धक्का लागणार नाही अशी. मग माझ्याकडं वळला. पहिल्या ठोशात माझा जबडा निखळला. पडलो तर लाथा — बरगड्यांत, पाठीत, तोंडावर. दात घशात गेले. कुणीतरी म्हणालं, "मरंल त्यो," आणि यल्लाप्पा म्हणाला, "मरू दे." मला केसांना धरून त्यानं उभं केलं आणि पोत्यात घालतात तसा आकडा माझ्या उजव्या बरगडीखाली घातला. घातला आणि ओढला.

वेदना मला आजही शब्दांत सांगता येत नाही. पण बघितलेलं सांगता येतं. रक्त आलं, आणि रक्तामागून भळाभळा दुसरंच काहीतरी आलं. विटेच्या रंगाचं, दाट. यल्लाप्पाच्या मनगटावरून ते खाली वाहत होतं.

तो थांबला. त्यानं आपला हात नाकाशी नेला.

"अरं..." तो म्हणाला. "ह्यो तर भरमाचा पू."

आणि मग तो जे ओरडला, ते अजून माझ्या कानात आहे. "लारी काढा रं! बघत काय ऱ्हायलाय, लारी काढा!"

ज्यानं फाडलं त्यानंच मला लॉरीत घातलं. तवंदीच्या घाटापासून बेळगावापर्यंत त्यानं आपला पटका माझ्या जखमेत दाबून धरला होता. मी डोळे मिटले की थोबाडीत मारायचा. "झोपायचं न्हाय! ऐकतोस न्हवं, झोपायचं न्हाय!"

डॉक्टरांनी लगेच टेबलावर घेतलं. गळू लिव्हरच्या मागच्या अंगाला, वर छातीच्या पडद्याला टेकून, नारळाएवढं होतं. "आणखी एक दिवस आणि छातीत फुटलं असतं," ते नंतर म्हणाले. आकडा शिरला होता रेघेवरच, आणि लिव्हरची कडही तिथंच होती, बोटाचाही फरक नाही. एमेटिनची इंजेक्शनं, रबरी नळी, अडीच महिने खाट. पोलिसांना मी सांगितलं, वखारीत पाय घसरून आकड्यावर पडलो. फौजदाराला सांगितलेलं हे माझं दुसरं खोटं, आणि याची मला लाज वाटत नाही.

डॉक्टरांचं म्हणणं, रेघ मीच मारत असणार, झोपेत. बोटांना आतलं कळलं होतं, मनाला नव्हतं. असेल. पण मग पेन्सिल कुठली? ती तर त्यांच्याच खणात, त्यांच्याच कुलपात. शिवाय माझ्या पोटातलं गळू कुणी उपसलं नव्हतं, मग सातव्या दिवशी रेघ वर का चढली? आणि आकडा घालणाऱ्याला तर रेघ माहीतच नव्हती, माझ्या अंगात शर्ट होता. डॉक्टरांनी यावर चष्मा पुसला, आणि माझी केस वहीत लिहिताना रेघेचा उल्लेख केला नाही. मी इतकी वर्षं डोकं खाजवतोय, मलाही उत्तर मिळालेलं नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवावं, पण 'मनाचे खेळ' एवढंच लिहायचं असेल तर पोस्टाचं कार्ड फुकट घालवू नये.

मी उठून बसायला लागलो तेव्हा एका दुपारी यल्लाप्पा भेटायला आला. भरमाला अग्नी दिला होता त्याच जागी बरणीतलंही अग्नीला दिलं, असं त्यानं सांगितलं. शेवटी मी विचारलंच, "यल्लाप्पा, भरमानं माझा जीव घ्यायला रेघ मारली, का वाचवायला?"

पुढचे दात नसल्यानं त्याचे शब्द नीट फुटत नव्हते.

"त्यो कुणाला बोट लावणारा न्हवता, अण्णा," तो म्हणाला. "मारायचं काम आमच्या घरात माझ्याकडं हुतं."