तिसरी वायर

माझी गाडी सतरा वर्षांची आहे. सिग्नलला थांबली की हुडहुडी भरल्यासारखी थडथडते. तिचा मला संताप येतो आणि गॅरेजवाल्या सलीमभाईंचा त्याहून जास्त. रजा काढून चार दिवस मी त्यांच्या स्टुलावर बसलोय आणि हा माणूस नुसता इंजिनाला कान लावतोय.

आज त्यांनी इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. पहिली काढली, इंजिन गचके खायला लागलं. ती परत लावून दुसरी काढली, तेच. तिसरी काढली आणि काहीच झालं नाही. थडथड होती तेवढीच राहिली.

"सापडला," ते म्हणाले. "काढला तरी इंजिनाला पत्ता नाही. म्हणजे हाच काम करत नव्हता."

किती साधी परीक्षा, आणि किती निर्दय! माझा हात आपसूक खिशातल्या फोनकडे गेला. चार दिवसांत ऑफिसातून एकही फोन आला नव्हता. माझ्यावाचून तिथलं पान हलत नाही, असं मी घरी सव्वीस वर्षं सांगत आलोय.

सलीमभाईंनी काजळलेला प्लग पुढे केला. "फेकू ना, साहेब?"

"फेकता काय लगेच!" मी त्यांच्या अंगावर ओरडलो. "आधी घासून तर बघा!"