अज्ञात इसम

विद्यापीठाच्या वाङ्मयीन नियतकालिकाची संपादक मुलगी माझ्याकडून तक्रारअर्ज लिहवून घेत असताना तिच्या फुटलेल्या ओठाचे रक्त कोऱ्या कागदावर ठिबकले. एका लेखावर चिडून चौघांनी नवे अंक पेटवले होते, आणि आड आली म्हणून तिला लाथांनी तुडवले होते. कचेरीच्या आवारात अर्ज लिहून देणाऱ्यांत माझ्याइतकी कायद्याची भाषा कोणास अवगत नाही; मी वळणदार अक्षरांत लिहिले, "अज्ञात इसमांनी..."

"अज्ञात कसले, काका? त्यांतल्या प्रवीणची कविता याच अंकात आहे. शुद्धलेखन मीच तपासलं होतं."

'अज्ञात इसम' या दोन शब्दांआड मी आजवर किती रक्ताळलेले हात लपवले असतील! मी ते खोडून नाव लिहिले: प्रविण.

तिने ओठ पुसला. "वी दीर्घ, काका. तोही चुकवतो."