साडेचारशे की तीनशेऐंशी?

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता आठवू म्हटले तरी आठवत नाहीत. ही एक मात्र विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. महाराजांच्या राज्यात मी म्हैसूर शहरात सब-इन्स्पेक्टर होतो तेव्हाची ही हकीकत. नावे कोणाचीच देत नाही. माझे देण्यासारखे नाही, इतरांची द्यायचा मला अधिकार नाही.

नंजनगूडच्या रस्त्यावर चंदनाच्या एका ठेकेदाराचा बंगला होता. एके दुपारी आपल्याच बागेत तो गोळी लागून मेला. आवाज सगळ्यांनी ऐकला, माणूस कोणी पाहिला नाही. मी महजर केला (पंचनाम्याला आमच्याकडे हा शब्द) आणि ठाण्यावर परतलो, तो ठेकेदाराचा मॅनेजर माझ्या मागोमाग आला. दार लोटून म्हणाला, "स्वामी, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. शेजारच्या जमादारांना मी सकाळी कुंपणाशी पाहिलं. कमरेला पिस्तूल होतं."

हे जमादार रिसाल्यातून निवृत्त झालेले, आमच्याच मराठा वस्तीतले. माझे वडील आणि ते एका पथकात होते. मी त्यांना काका म्हणत असे. ठेकेदाराने कुंपण घालून त्यांची विहिरीची वाट अडवली होती आणि त्यावरून दोघांचे भर रस्त्यात भांडण झाले होते. त्यांच्याकडे परवान्याचे रिव्हॉल्व्हर होते, साडेचारशेचे. म्हणजे नळीचे तोंड इंचाच्या हजार भागांतले साडेचारशे भाग रुंद. लष्करी माणसे हेच मोठे हत्यार पसंत करीत. बंगलेवाले लोक तीनशेऐंशीचे लहान घेत. ते हलके, खिशात मावणारे.

डॉक्टरांनी प्रेतातून काढलेली गोळी माझ्या हाती दिली. हाडावर आपटून तिचे टोक छत्रीसारखे पसरले होते. मी ती काकांच्या जप्त केलेल्या रिव्हॉल्व्हरच्या तोंडाशी धरली. बरोबर झाकणासारखी बसली. मला तेवढे पुरे झाले.

शस्त्रागाराचा मिस्त्री शेजारी उभा होता. म्हातारा कन्नड माणूस, मोजके बोलणारा. म्हणाला, "तूक माडी नोडी, स्वामी. वजन करून बघा. शिसं पसरतं, वजन बदलत नाही."

"तुला विचारलं का मी?" मी म्हणालो.

वरून रोज विचारणा होत होती. आरोपी लवकर मिळाला तर बढती मिळेल, असा माझा हिशेब होता. मी काकांना भर दिवसा, नजरबादच्या रस्त्याने, हातकड्या घालून चालवत आणले. दोन दिवस बसू दिले नाही. ते एकच सांगत होते, "मी नाही मारलं रे." तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "काका, तुम्ही बोलणार नसाल तर सूनबाईला इथं आणून बसवतो. तिला ठाऊक असेल."

ते म्हणाले, "बेड, नको रे. तिला नको. लिही काय लिहायचं ते."

मी लिहिले. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांना मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे उभे करायचे होते. मुद्देमाल मोहोरबंद करताना यादीत वजनाचा रकाना भरावा लागे, म्हणून लेखक हवालदाराने नेहमीप्रमाणे गल्लीतला सोनार बोलावला. सोनाराने काटा धरला आणि म्हणाला, "पाऊण तोळाही भरत नाही."

मिस्त्रीचे शब्द तेव्हा आठवले. मी काकांच्या पेटीतले एक न उडालेले काडतूस मागवले, पकडीने गोळी उपसली आणि काट्यात टाकली. सव्वा तोळा! मेलेल्या माणसाच्या अंगातली गोळी अखंड निघाली होती, तिचा तुकडा पडलेला नव्हता, असे डॉक्टरांनी लिहूनच दिले होते. म्हणजे अर्धा तोळा शिसे कुठे गेले, याला उत्तर नव्हते. ती गोळी साडेचारशेची नव्हतीच.

परवान्यांच्या रजिस्टरात त्या रस्त्यावर तीनशेऐंशीचे एकच हत्यार निघाले. मॅनेजरचे. झडतीत ते रागीच्या कणगीत सापडले. मी दोन काडतुसांतल्या गोळ्या त्याच्यापुढे मेजावर ठेवल्या, एक मोठी, एक लहान, आणि मधे ती पसरलेली. तासाभरात तो बोलला. चोरून चंदन विकताना मालकाने त्याला पकडले होते.

साहेबांनी पाठ थोपटली. पुढे बढतीही मिळाली.

काकांचे रिव्हॉल्व्हर परत द्यायला मी स्वतः गेलो. सुनेने दार उघडले आणि मला पाहताच आत निघून गेली. काका ओट्यावर बसले होते. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

"मारलं असतंस तरी सोसलं असतं," ते म्हणाले. "पण मी जन्मात खोटी सही केली नव्हती. ती तू करवून घेतलीस. तो कागद फाडलास का?"

"हो काका," मी म्हणालो.

कागद फाडलेला नव्हता. नंबर घालून तो फाईलला लागला होता आणि तिथून काढायचा मला अधिकार नव्हता. एवढेही त्यांना खरे सांगायचे धैर्य मला झाले नाही. पुढच्या वर्षी ते गेले. मी स्मशानापर्यंत गेलो, पण लांब उभा राहिलो.

नंतर बरीच वर्षे मी नव्या शिपायांना ही केस शिकवली. दोन गोळ्या तळहातावर ठेवून विचारायचो, कोणती निवडाल, कशी निवडाल? मुले खूश होत. वजन करायची युक्ती मी माझीच म्हणून सांगत असे. मिस्त्रीचे नाव घेतले नाही, काकांचा विषय काढला नाही.

पोलिसाला कबुली मिळाली की तो शोधायचे थांबतो. मीही थांबलो होतो. तो सोनाराचा काटा मधे आला नसता तर एका निरपराध माणसाला मी फासापर्यंत नेले नसते, असे आज छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही, कारण वजन न करताच मी निघालो होतो. रकाना भरायचा होता, म्हणून ते वाचले. माणूस अब्रूसाठी खोटा गुन्हाही पत्करतो, हे मला ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच मी सुनेचे नाव घेतले. तो जबाब आजही कुठल्या तरी दप्तरात असेल. खाली सही त्यांची आहे. वरचा शब्दन् शब्द माझा आहे.