डाव्या पेडलचे आटे

पेडल मी ढिलं केलं होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, आणि त्या पेडलवरून पडली ती.

घट्ट करायला गेलो होतो. असं म्हटल्याने सुटका होत नाही, पण तेही खरंच आहे.

आम्ही कळव्याला राहतो. बायको सेहेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकली. कोपरला राहणारी तिची बहीण सायकलवरून भाजी आणते, त्यावरून दोघींचं काहीतरी बोलणं झालं असावं. मला कधी नीट कळलं नाही. सायकलची देखभाल साहजिकच काकांकडे गेली. काका म्हणजे खाडीकडच्या जुन्या गावातले सायकल मेकॅनिक. दर रविवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये गोणपाट अंथरून बसायचे आणि सोसायटीतल्या झाडून सगळ्या सायकली त्यांच्या हाताखालून जायच्या.

त्या रविवारी त्यांनी आमच्या सायकलचं सर्व्हिसिंग केलं. सोमवारी बायको म्हणाली, डावीकडून कट्‌कट् वाजतंय. पुढच्या रविवारपर्यंत थांबता आलं असतं. पण घरात मी स्वतःहून काही दुरुस्त केलंय असं सहसा घडत नाही, आणि वाटलं, एवढं तर जमेल. माळ्यावर नळाचा पाना होता, दातेरी तोंडाचा, कुठल्याशा प्लंबरने विसरलेला. त्याने पेडलची दांडी धरली आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जोर लावला. नट तसाच आवळतात ना? आधी हलेना. मग एकदम सरकलं. सरकलं म्हणजे आवळलं गेलं, असं मी समजलो आणि हात धुतले.

बुधवारी गेटच्या उतारावर पेडल, ते ज्यात बसतं त्या क्रँकमधून, निघून आलं. तिचं उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर घालून घरी आल्यावर तिने विचारलं, "पेडलला कुणी हात लावला होता का हो?"

मी म्हटलं, "सर्व्हिसिंग काकांनीच केलं ना."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. इतकं नेमकं उत्तर मला कसं सुचलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. तेव्हा माझी खरोखर अशी समजूत होती की मी तर आवळलं होतं. म्हणजे त्याआधीच काहीतरी चुकलेलं असणार. मग हात लावला होता एवढं सांगायला काय हरकत होती? तरी नाही सांगितलं. म्हणजे आत कुठेतरी माहीत होतं की काय, कोण जाणे.

तिने डाव्या हाताने, चुका दुरुस्त करत करत, सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, काकांच्या सर्व्हिसिंगनंतर तीनच दिवसांत पेडल निघालं. मी शेजारी बसून चहा बशीत ओतून तिला देत होतो. मग इतरांनाही आपापले ब्रेक आणि चेन आठवल्या. कमिटीने वॉचमनला सांगून टाकलं, त्या मेकॅनिकला आत सोडायचं नाही.

काका तरीही रविवारी आले. गेटबाहेर उभे राहून म्हणाले, सायकल तरी बघू द्या. मी खाली नेली. निघालेलं पेडल त्यांनी हातात फिरवलं आणि दांडीवरच्या ओरखड्यांवरून अंगठा नेला.

"दादा, हे दात माझ्या पान्याचे नाय."

मी वॉचमनकडे पाहिलं.

"डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सगलं जग आवलतं तसं फिरवलं का हे सुटतं." वॉचमन ऐकतोय हे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "घरात कुनी हात लावला असंल तर वयनींना सांगा. मी नाय सांगनार."

मी 'बघतो' म्हटलं. काय बघणार होतो? सायकल घेऊन वर आलो. बायकोने विचारलं, काय म्हणत होते? म्हटलं, काही नाही, हळहळत होते. हे मात्र सरळ खोटं होतं.

प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, आणि तिला पुन्हा सायकल हवीशी झाली. जुन्या क्रँकचे आटे गेले होते, म्हणून नवा बसवायला मी खोपटच्या एका दुकानात निघालो तेव्हा ती म्हणाली, "येताना हत्यारंही आणा. आता बाहेरच्या कुणाचा भरवसा नको. तुम्ही निदान लक्ष देऊन कराल."

दुकानात माझं डोकं चालेना. अठरा वस्तूंची पेटी होती, त्यातल्या निम्म्या कशाच्या ते कळत नव्हतं. चेनचं तेलही दोन तऱ्हेचं, कोरड्या दिवसांचं वेगळं आणि पावसाचं वेगळं. दुकानदाराने विचारलं, घरी काय काय करणार? मला सांगता येईना. सायकल नीट ठेवायला हत्यारं घेतोय, की काकांची गरजच उरू नये म्हणून, हे माझं मलाच समजत नव्हतं. त्यानेच मग पेटी बाजूला सारली. हवेचा पंप, पंक्चरचं सामान, टायर काढायच्या दोन पट्ट्या, एलन-की म्हणजे षटकोनी किल्ल्यांचा जुडगा आणि चेनचं तेल, एवढं पुरे म्हणाला. वर पेडलचा पंधरा नंबरचा लांब पाना ठेवला.

"डावीकडचे आटे उलटे असतात, माहितीये ना साहेब?"

"माहितीये," मी म्हटलं.

घरी आल्यावर बायकोने सगळं टेबलावर मांडून घेतलं. नवा पाना उचलून म्हणाली, हा गुळगुळीत आहे, आपल्याकडचा तो दातांचा कुठे गेला? माळ्यावर असेल, मी म्हटलं. मग तिच्यासमोर डावं पेडल तपासलं. पाना लावला आणि कुठल्या बाजूला फिरवायचं तेच आठवेना. माहीत असूनही. हात तसाच थांबला. शेवटी उलट्या बाजूने जोर दिला, काढून पुन्हा लावला, पुन्हा दिला.

"तुम्ही बघितलंत ना, मग झालं," ती म्हणाली आणि हेल्मेट घालून, सायकल घेऊन खाली गेली.

मी खिडकीतून बघत होतो. उतारावर तिने जरा ब्रेक दाबला, मग सोडला. काका पूर्वी बसायचे तिथे आता कुणाचीतरी गाडी लागते.

मी एक वाक्य देणं लागतो: डावं पेडल मी ढिलं केलं, काकांनी नाही. ते आधी बायकोला सांगायचं आहे, नंतर त्याच ग्रुपवर लिहायचं आहे, आणि मग गावात काकांच्या दारी जाऊन त्यांना रविवारी बोलवायचं आहे. तिन्ही अजून बाकी आहेत.