भाऊजींची हाक

आमच्या भाऊजींशी बोलायचं म्हणजे अर्धं संभाषण स्वतःच करावं लागतं. प्रश्नही आपला, उत्तरही आपलंच, मध्ये त्यांचं एक "हं". माझ्या नवऱ्याचे हे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात. दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या बनवतात. मेणात एकेक दात बसवायचा, लांबून बघायचा, काढायचा, पुन्हा बसवायचा. गावातली निम्मी म्हातारी माणसं भाऊजींच्या दातांनी हसतात, आणि भाऊजी स्वतः मूग गिळून बसलेले.

मी अगदी उलट. बसस्थानकावर माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते ओरडून सांगणं हा माझा धंदा. "घरी तरी आवाज बारीक कर, गाडी निघून गेली," असं माझा नवरा म्हणायचा. भाऊजींना हसताना मी पाहिलं ते फक्त त्याच्यासोबत. जगात त्यांचा तेवढा एकच दोस्त होता. खरं सांगायचं तर माझाही.

तो गेला त्या दुपारी मी कामावर होते. घरात भाऊजी एकटेच होते. भिंतीपलीकडे एक नर्स राहते, खिडकीतून नुसतं "अहो" म्हटलं असतं तरी धावत आली असती. भाऊजींनी हाक मारली नाही. मी घरी पोचले तेव्हा ते भावाचा हात धरून जमिनीवर बसले होते आणि हात केव्हाच थंड पडला होता. काहीच उपयोग झाला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली, पण मनात जी अढी बसली ती बसलीच. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात कुणी कुणाला काही विचारत नाही. जेवलात का, कडी लावली का, एवढ्यावर दिवस जातात. संध्याकाळी परतताना मला स्वतःच्याच दाराची भीती वाटायची.

हे सगळं ओळखलं आमच्या स्थानकावरच्या ड्रायव्हरबाईंनी. बाई थेट. एक दिवस चहा पिता पिता म्हणाल्या, "तुम्ही दोघं घरात राहता की दडून बसता? संध्याकाळी गोदामात या. भिंत चढायला."

"या वयात?"

"मग काय पुढच्या वयात चढणार?"

गोदामात पूर्वी कापसाच्या गाठी ठेवायचे. आता तिथे छतापर्यंत गेलेली एक फळ्यांची भिंत आहे आणि तिच्यावर पकडायला, पाय ठेवायला रंगीत खुंट्या ठोकल्यात. कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याला दोर. दोर वरच्या कडीतून फिरून खाली येतो आणि खाली उभं असलेलं माणूस तो आपल्या पट्ट्यातून घेऊन मुठीत धरतं. चढणाऱ्याने विचारायचं, "धरलंय?" खालच्याने म्हणायचं, "धरलंय." त्याशिवाय पाय जमिनीवरून उचलायचा नाही. आणि धरणारा वजनाने हलका असेल तर त्याच्या मागे आणखी एकाने उभं राहून त्याचा पट्टा धरायचा. त्याला तिथे पाठीराखा म्हणतात. वरचं माणूस घसरलं तर हलका माणूस उचलला जातो म्हणून.

भाऊजी म्हणजे शर्टात उभी केलेली काठी, आणि मी चांगली भरभक्कम. तिथे चढायला शिकवणाऱ्या मास्तरांनी आम्हा दोघांकडे एकदा पाहिलं आणि ड्रायव्हरबाईंना भाऊजींच्या मागे उभं केलं.

मला उंचीची भीती वाटत होती असं सगळ्यांना वाटायचं. वाटू दिलं. पहिल्यांदा चढले तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती, पण ती उंचीमुळे नाही. दर खुंटीला मी खाली पाहत होते. माझा दोर ज्या हातांत होता ते हेच हात, त्या दुपारी भावाचा हात नुसता धरून बसलेले. काही झालं तर हा माणूस हाकसुद्धा मारणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तरीही आम्ही जात राहिलो. घरी बसण्याची भीती त्याहून मोठी होती. तिथली मंडळी बरी होती. बेकरीवाला तर पिठाच्या पोत्यासारखा भिंतीला लटकायचा आणि लटकल्या लटकल्या सगळ्यांची चेष्टा करायचा. चढून झालं की सगळे गादीवर पाय पसरून गप्पा मारायचे. भाऊजी कडेला बसून दोर गुंडाळायचे. गुंडाळलेला दोर सोडून पुन्हा गुंडाळायचे, म्हणजे हात रिकामे दिसायला नकोत.

एका संध्याकाळी ड्रायव्हरबाई आल्या नाहीत. त्यांची गाडी वाटेत बंद पडली होती. मी पट्टा आवळत होते. भाऊजी बेकरीवाल्याकडे गेलेले मी पाहिले. तो दोघातिघांना काहीतरी रंगवून सांगत होता. भाऊजी त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि थोड्या वेळाने परत आले. मला वाटलं, सांगून आले, येईल तो. आपल्या सवयीने मी विचारलं नाही. आपल्या सवयीने त्यांनी सांगितलं नाही.

"धरलंय?"

"धरलंय."

त्या दिवशी मला बरं जमत होतं. छताजवळच्या पिवळ्या खुंटीला हात लावायचाच, असं मनाशी घेतलं होतं. ती हातभर राहिली तेव्हा सहज खाली पाहिलं. भाऊजींच्या मागे कुणीच नव्हतं.

हात घामाने ओले झाले, खुंट्या बोटांतून निसटायला लागल्या. उतरते म्हणून सांगावं तर जीभ टाळूला चिकटलेली. एक पाय खालची खुंटी शोधायला गेला आणि दुसरा सटकला.

मी खाली निघाले आणि भाऊजी वर. भिंत डोळ्यांसमोरून सरसर वर जात होती, आणि खालून भाऊजींचं टक्कल माझ्याकडे येत होतं. अर्ध्यावर आमची गाठ पडली, त्यांचा खांदा माझ्या बरगडीत बसला, आणि माझा पट्टा एका खुंटीत अडकून आम्ही दोघं थांबलो. मजलाभर उंच, समोरासमोर, गोल गोल हेलकावत.

खुंटी माझ्या वजनाने करकरत होती, हळूहळू फिरत होती. भाऊजींची मूठ दोरावर आवळलेली, बोटं पांढरी पडलेली. ती मूठ सुटली असती तर ते दगडासारखे खाली गेले असते, आणि मी त्या खुंटीच्या भरवशावर राहिले असते. गोदामातला मोठा पंखा घोंघावत होता. पलीकडच्या टोकाला बेकरीवाल्याची गोष्ट रंगात आलेली, मास्तर पाठमोरे. आमच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

मी ओरडायला तोंड उघडलं. दिवसभर स्थानक डोक्यावर घेणारी बाई मी. तोंड उघडंच राहिलं. छाती भरून आली होती, घसा हलत होता, पण आवाज नावाची गोष्ट जणू मला कधी नव्हतीच. एवढी मी जन्मात कधी घाबरले नाही. खुंटी आणखी थोडी फिरली.

भाऊजी माझ्याकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

"अहो!"

फाटका, गंजलेला आवाज. पंख्याने तो गिळला.

"अहो! धरा! मला कुणीतरी धरा!"

छताचे पत्रे दणाणले. पलीकडची सगळी डोकी एकदम वळली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बेकरीवाला धावत आला आणि भाऊजींच्या मुठीतून खाली लोंबणारा दोर त्याने सगळं वजन टाकून ताणून धरला. "आता मूठ सुटली तरी चालेल, दादा, मी आहे," तो ओरडला. भाऊजींनी मूठ सोडली नाही. मास्तरांनी शिडी लावली, माझा पट्टा खुंटीतून मोकळा केला आणि भाऊजींना कमरेला धरून पायरी पायरीने खाली आणलं. ते खाली आले तशी मी वर गेले, रहाटाच्या बादल्यांसारखी. मग मला उतरवलं. पाय जमिनीला लागले तरी ते माझे आहेत असं वाटेना.

भाऊजी मघाशी का आले होते ते कळल्यावर बेकरीवाला त्यांच्यावर चांगलाच तापला. "माझ्या मागे येऊन उभे राहिलात आणि तसेच परत गेलात? दादा, मी पाव भाजतो, माणसं नाही! हाक मारायला काय झालं होतं?"

"तुम्ही बोलत होता," भाऊजी म्हणाले.

"मी काय, मी झोपेतही बोलतो! माझं संपायची वाट बघाल तर म्हातारे व्हाल." मग त्याने भाऊजींचा सोललेला तळहात पाहिला. रुमाल भिजवून आणला, स्वतः बांधला. कुणीतरी हळूच म्हणालं, "काय लिफ्ट आहे पण!" आणि भीतीने कोंडलेलं सगळं गोदाम हसायला लागलं. त्यात भाऊजीही हसले. मध्ये बसून, चांगले दात दाखवून. सगळ्यांनी गादीवर सरकून त्यांना जागा करून दिली होती, आणि दोर गुंडाळायला तेव्हा त्यांना हातच मोकळा नव्हता.

घरी जाताना आम्ही हळूहळू चाललो. कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीशी भाऊजी थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी मला आपणहून काही विचारलं ते तेव्हाच.

"वहिनी, तुमचा आवाज तर एवढा मोठा. तुम्ही का नाही ओरडलात?"

"ओरडत होते हो," मी म्हणाले. "जीव तोडून ओरडत होते. आवाजच फुटेना."

बोलले आणि मला माझंच बोलणं ऐकू आलं. मी पायरीवर बसले. भाऊजीही शेजारी बसले आणि बांधलेला हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे पाहत राहिले.

"हो," ते म्हणाले. "तसंच होतं."