विमानतळाचा निरोप समारंभ

आमच्या गावच्या विमानतळावर माझ्या देखत एकच विमान उतरलं. कुणा पुढाऱ्याचं. तेही बायकांनी धावपट्टीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करेपर्यंत वर घिरट्या घालत होतं. एरवी नगरपालिकेची ती पट्टी अख्ख्या गावाला गाडी चालवायला शिकवायची. सरळच सरळ पट्टी, त्यामुळे वळायला कोणी शिकलंच नाही. धुळ्याच्या रस्त्यावर कोणी वळणावरून थेट कपाशीत घुसला, की लोक ओळखायचे, हा आमचा गाववाला.

वडील गेल्यावर आईनं त्यांची स्कूटर तिथंच शिकायला घेतली. भाऊ म्हणाला, "या वयात कशाला? सांग ना, मी नेईन की." सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. शेजारच्या गावात तिची थोरली बहीण, अक्का, अंथरुणाला खिळलेली; आणि आमच्या बंधुराजांची कधी मीटिंग, कधी गाडी पंक्चर.

"माले अक्काकडे जानं शे," आई चिडायची. "कोना कोना पाया पडू मी?"

सरळ ती झकास चालवायची. टोकाला पोचली की खाली उतरायची, हातानं ढकलून गाडी उलटी फिरवायची, की पुन्हा सरळ! मी कपाळाला हात लावायचे.

तेवढ्यात फाटकावर पाटी लागली. 'पुनर्विकासासाठी विमानतळ बंद. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' कुणाची गैरसोय, बाबांनो? बकऱ्यांची? शेजारी एक भलंमोठं चित्र होतं. त्यात कारंजी, चकाचक दुकानं आणि हातात हात घालून फिरणारे गोरे लोक. आमच्या गावात! जन्मात विमानाची पायरी न चढलेले लोकही गळे काढायला लागले, "आपलं विमानतळ गेलं हो!"

आई मात्र खरोखर रडकुंडीला आली. सोमवारी पट्टी उकरणार होते आणि तिला अजून वळता येत नव्हतं. "आते मी कठे शिकू?" एवढंच म्हणाली. त्या दिवशी ती नीट जेवली नाही.

रविवारी निरोप समारंभ. विमानतळाला निरोप! मांडव पट्टीच्या टोकालाच घातलेला, भाऊ स्वागत समितीत, हार घेऊन उभा. पाहुणे म्हणाले, या विमानतळानं गावाला पंख दिले. टाळ्या पडल्या.

आणि पलीकडून आई निघाली. सकाळीच मला म्हणाली होती, "आजना दिन शे ना आजून!" स्कूटर मांडवावर चाल करून यायला लागली तशी माणसं खुर्च्या टाकून पळाली. मी ओरडले, "आई, ब्रेक!" ब्रेक कसला दाबते! पाहुण्यांना धडकायची तिला लाज वाटली असावी. तिनं हँडल वळवलं, मांडवाला अख्खा वळसा घातला, फाटकातून बाहेर पडली आणि अक्काच्या गावचा रस्ता धरला.

भावानं मोटारसायकल काढली, मी मागं बसले. वाटभर तो माझ्यावरच खेकसत होता, जशी काही मीच तिला पळवून लावली होती. अक्काच्या गल्लीत शिरलो तर हॉर्न ऐकू आला. थांबेचना. मला वाटलं, पडली बहुतेक, गाडीखाली सापडली.

पडली कसली! अक्काच्या खिडकीखाली स्कूटरवर ताठ बसून हॉर्न दाबत होती. आजूबाजूच्या बायका दारात जमलेल्या.

"आई, बंद कर! लोक काय म्हणतील?" भाऊ ओरडला.

आतून अक्काचा आवाज आला. कित्येक महिन्यांत इतका मोठा ऐकला नव्हता.

"वाजाड व बहीन! आखो वाजाड!"

आईनं भावाकडे बघत पुन्हा दाबला.